प्राग : नाट्यगृहे, पाट्या आणि पुतळे

युरोपातील बहुतेक राजधान्यांचा राजकीय इतिहास राजवाडा, विधिमंडळ आणि रणांगण यांच्या आधाराने लिहिता येतो. प्रागचा इतिहास तसा लिहू गेल्यास त्यातील बराच भाग निसटून जातो. या शहराला राजवाडा आहे आणि तो व्हल्तावा नदीच्या डाव्या तीरावरील टेकडीवर आजही दिमाखाने उभा आहे. परंतु सतराव्या शतकाच्या आरंभानंतर सुमारे तीनशे वर्षे राज्यकर्त्या राजाचा मुक्काम तेथे क्वचितच पडला. कारभार व्हिएन्नाहून चाले. ज्या समाजाला स्वतःचा राजा नाही, स्वतःचे सैन्य नाही आणि ज्याची भाषा कचेरीत चालत नाही, त्या समाजाने आपले राजकारण कोठे करावयाचे? प्रागच्या झेक नागरिकांनी ते शब्दकोशात, नाट्यगृहात, व्यायामशाळेत आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर केले. त्यात त्यांना जे यश आले ते विलक्षण होते. त्या यशाच्या काळात आणि त्यानंतर या शहराने जे गमावले, तेही तितकेच लक्षात घेण्याजोगे आहे.

८ नोव्हेंबर १६२० रोजी शहराच्या पश्चिमेस बीला होरा, म्हणजे श्वेतगिरी, येथे झालेल्या लढाईत बोहेमियाच्या बंडखोर सरदारांचा हॅब्जबर्ग सम्राटाच्या फौजेने पराभव केला. पुढील वर्षीच्या २१ जून रोजी जुन्या नगरातील चौकात सत्तावीस पुढाऱ्यांना जाहीरपणे देहान्त शासन देण्यात आले. प्रॉटेस्टंट सरदार आणि विद्वान देशोधडीला लागले, त्यांच्या जमिनी सम्राटाच्या विश्वासातील घराण्यांना मिळाल्या. पुढील दीडशे वर्षांत झेक भाषा मेली नाही. ती शेतावर, बाजारात आणि स्वयंपाकघरात राहिली. मात्र ज्याला वर चढावयाचे असे त्याला जर्मन शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते. १७८४ साली सम्राट दुसरा योसेफ याने प्रागच्या विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यम लॅटिनऐवजी जर्मन केले. हा सम्राट स्वभावाने सुधारक होता. कारभार सुटसुटीत व्हावा एवढाच त्याचा हेतू होता. परंतु लॅटिन ही कोणाचीच मातृभाषा नव्हती आणि जर्मन ही शेजाऱ्याची होती. त्यामुळे जो प्रश्न पूर्वी विद्वानांना पडत नव्हता तो आता पडू लागला.

त्याचे उत्तर शोधणाऱ्या पहिल्या पिढीची अवस्था मोठी चमत्कारिक होती. योसेफ दोब्रोव्स्की (१७५३–१८२९) याने झेक भाषा आणि वाङ्मय यांचा इतिहास लिहिला तो जर्मन भाषेत. उच्च वाङ्मयाचे वाहन म्हणून झेक पुन्हा उभी राहील याची त्याला स्वतःलाच शंका होती. त्याच्या नंतरच्या पिढीतील योसेफ युंगमान याने ती शंका मानली नाही. त्याचा झेक–जर्मन शब्दकोश १८३४ ते १८३९ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाला. जेथे शब्द नव्हता तेथे त्याने पोलिश, रशियन अशा भगिनी भाषांतून तो उसना घेतला, जुन्या ग्रंथांतून उकरून काढला किंवा नवा घडविला. परिभाषा घडविण्याच्या कामात किती शब्द टाकसाळीतच राहतात आणि किती चलनात येतात, हे भारतीय भाषांच्या अभ्यासकांना सांगावयास नको. युंगमानचे पुष्कळ शब्द चलनात आले. इतिहासकार फ्रांतिशेक पालात्स्की याने आपल्या राष्ट्राचा बृहद् इतिहास १८३६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि १८४८ पासून तो झेक भाषेत प्रसिद्ध होऊ लागला. एवढ्या बारा वर्षांत झेक वाचकवर्ग तयार झाला होता.

याच सुमाराची एक लहानशी घटना. १७८३ साली बांधलेल्या आणि १७८७ मध्ये मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग पाहिलेल्या इस्टेट्स नाट्यगृहात २१ डिसेंबर १८३४ रोजी एका झेक प्रहसनाचा प्रयोग झाला. नाटक फारसे गाजले नाही. परंतु त्यात एका अंध फिड्लवादकाच्या तोंडी घातलेले एक गाणे प्रेक्षक घरी घेऊन गेले. त्याचे शब्द टिल याचे आणि चाल श्क्रोउप याची. १९१८ नंतर तेच गाणे राष्ट्रगीत झाले. राष्ट्रगीताचा जन्म विनोदी नाटकात झाल्याची उदाहरणे फार नसावीत.

१८४८ ची क्रांती प्रागमध्ये जून महिन्यात तोफांनी मोडून काढण्यात आली. त्यानंतरचे दशक दडपशाहीचे गेले. १८६० नंतर साम्राज्याला थोडे नमते घ्यावे लागले आणि १८६१ मध्ये प्रागच्या नगरपालिकेत झेक प्रतिनिधींचे बहुमत झाले. पुढील वर्षी तिर्श आणि फ्यूग्नर या दोघांनी ‘सोकोल’ ही व्यायामसंस्था स्थापन केली. शरीर कमावणे हा तिचा उघड उद्देश होता; शिस्त, एकजूट आणि गणवेश यांची सवय लावणे हा दुसरा. त्याच वर्षी नदीकाठी एक छोटे, तात्पुरते झेक नाट्यगृह सुरू झाले. त्याला नावही ‘तात्पुरते नाट्यगृह’ असेच देण्यात आले होते. कारण खरे नाट्यगृह पुढे व्हावयाचे होते.

या खऱ्या, म्हणजे ‘राष्ट्रीय’ नाट्यगृहाची कथा तपशिलाने सांगितली पाहिजे. १६ मे १८६८ रोजी त्याची कोनशिला बसली. पायासाठी बोहेमिया आणि मोराव्हियातील पुराणप्रसिद्ध ठिकाणांहून दगड आणले गेले. ज्या रिप टेकडीवर झेकांच्या आद्य पुरुषाने आपली वस्ती वसविली अशी दंतकथा आहे, तेथलाही एक दगड त्यांत होता. पालात्स्की आणि संगीतकार बेद्रिख स्मेताना हे दोघेही समारंभास उपस्थित होते. गावोगावी वर्गणी गोळा झाली. वास्तुकार योसेफ झीटेक याच्या आराखड्यानुसार इमारत उभी राहण्यास तेरा वर्षे लागली. ११ जून १८८१ रोजी, युवराज रुडॉल्फच्या भेटीचे निमित्त साधून, काम पुरे झालेले नसतानाच पडदा वर गेला. नाटक होते स्मेतानाची ‘लिबुशे’ ही संगीतिका. प्राग नगरीच्या भविष्याची वाणी उच्चारणारी ही पुराणातील राणी. संगीतकार स्वतः १८७४ पासून पूर्ण बहिरा झालेला होता.

दोन महिन्यांनी, १२ ऑगस्ट रोजी, छपरावर काम करणाऱ्या कारागिरांच्या हलगर्जीपणामुळे इमारतीला आग लागली आणि घुमट, प्रेक्षागृह व रंगमंच जळून गेले. पुढे जे घडले ते झेक इतिहासातील एक कौतुकाचे प्रकरण आहे. सत्तेचाळीस दिवसांत दहा लाख गुल्डनांची वर्गणी जमली. सम्राटानेही आपला वाटा दिला. परंतु लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या लहान रकमा. झीटेकचा शिष्य योसेफ शुल्झ याने इमारत पुन्हा उभी केली, यावेळी विजेच्या दिव्यांसह, आणि १८ नोव्हेंबर १८८३ रोजी ‘लिबुशे’च्याच प्रयोगाने ती उघडली. रंगमंचाच्या कमानीवर दोन शब्द कोरलेले आहेत : ‘नारोद सोब्ये’. अर्थ असा की राष्ट्राने हे स्वतःला दिले. ज्यांच्या हाती राज्य नव्हते त्यांनी ही अक्षरे सोन्याने रंगविली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दांचे वजन कळते.

परंतु ‘राष्ट्र’ म्हणजे नेमके कोण? प्रागमध्ये शतकानुशतके जर्मन भाषिक राहत होते. तेथील ज्यू वस्ती मध्ययुगाइतकी जुनी होती. या दोघांच्याही दृष्टीने ते शहर त्यांचेच होते. १८८० च्या दशकात या प्रश्नाचे उत्तर वाटणीने दिले गेले. १८८२ मध्ये १३४८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाची झेक आणि जर्मन अशी दोन विद्यापीठे करण्यात आली. इमारती वाटून घेतल्या गेल्या आणि कोणालाही एकाच वेळी दोन्हींचा सदस्य होता येणार नाही असा नियम झाला. जर्मनांनीही वर्गणी काढली आणि ५ जानेवारी १८८८ रोजी वाग्नरच्या संगीतिकेने आपले ‘नवे जर्मन नाट्यगृह’ उघडले. फिरावयास जाण्याचे रस्तेसुद्धा वेगळे होते : झेक मंडळी राष्ट्रीय नाट्यगृहाकडे जाणाऱ्या रस्त्याने फिरत, जर्मन मंडळी ना प्शीकोपे या रस्त्याने. हे दोन्ही रस्ते जवळजवळ एकाच सरळ रेषेत येतात, एवढेच काय ते साम्य.

१८९० च्या दशकात नगरपालिकेने रस्त्यांच्या पाट्यांवरील जर्मन नावे काढून टाकली आणि केवळ झेक नावांच्या पाट्या लावल्या. शतकाच्या अखेरीस जर्मन भाषिकांचे प्रमाण शहरात दहा टक्क्यांहूनही कमी झालेले होते. तेव्हा संख्येच्या न्यायाने या निर्णयात वावगे काही नव्हते असे म्हणता येईल. पण ज्याच्या आजोबांनी ज्या नावाच्या गल्लीत दुकान थाटले त्याला ते नाव पुसलेले पाहून काय वाटते, हे संख्या सांगत नाही. १८९७ मध्ये ऑस्ट्रियाचा पंतप्रधान काउंट बाडेनी याने बोहेमियातील सरकारी नोकरांना दोन्ही भाषा आल्या पाहिजेत असा वटहुकूम काढला. झेक नोकरांना जर्मन येतच असे. जर्मन नोकरांना झेक शिकावी लागणार होती. जर्मनांनी साम्राज्यभर एवढे रान उठविले की बाडेनीला जावे लागले. ते ऐकून प्रागमध्ये झेक जमाव रस्त्यावर आला आणि जर्मन संस्थांवर व जर्मन दुकानांवर तुटून पडला. ज्यूंची दुकानेही वाचली नाहीत. अखेर शहरात लष्करी कायदा पुकारावा लागला.

ज्यूंची कोंडी या सर्वांत अवघड होती. शिरगणतीत धर्माबरोबर ‘रोजच्या वापरातील भाषा’ विचारली जाई. १८९० मध्ये प्रागच्या बहुसंख्य ज्यूंनी ‘जर्मन’ असे लिहिले आणि दहा वर्षांनी निम्म्याहून अधिकांनी ‘झेक’ असे लिहिले. बहुतेकांना दोन्ही भाषा येत होत्या. दहा वर्षांत बदलली ती भाषा नव्हे, उत्तर देण्यातील धोका बदलला. त्याच सुमारास आरोग्याच्या कारणास्तव जुना ज्यू मोहल्ला पाडण्याचे काम सुरू झाले. काही सिनेगॉगे, ज्यू नगरभवन आणि जुने दफनस्थान एवढे शिल्लक ठेवून बाकीच्या जागी रुंद रस्ते आणि उंच इमारती आल्या. या मोहल्ल्याच्या कडेला १८८३ साली, म्हणजे राष्ट्रीय नाट्यगृह पुन्हा उघडले त्याच वर्षी, फ्रान्झ काफ्का जन्मला. तो जर्मन शाळांत शिकला आणि जर्मन भाषेतच लिहीत राहिला. पण उत्तम झेक येत असल्यामुळे १९१८ च्या सत्तांतरानंतरही कामगार अपघात विमा संस्थेतील त्याची नोकरी टिकली. त्याची पहिली झेक अनुवादिका मिलेना येसेन्स्का हिने १९२० मध्ये त्याची एक कथा झेक भाषेत आणली. काफ्काचे प्राग नावाची जी वस्तू आज पर्यटकांना विकली जाते तीत हा दुभाषी कारकून क्वचितच दिसतो.

२८ ऑक्टोबर १९१८ रोजी प्रागच्या नगर-सभागृहात, म्हणजे नगरपालिकेने नुकत्याच बांधलेल्या ‘ओबेत्स्नी दूम’ या वास्तूत, चेकोस्लोव्हाकियाच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. सहा दिवसांनी जमावाने जुन्या नगराच्या चौकातील, १६५० साली उभारलेला मेरीमातेचा स्तंभ दोर लावून पाडला. हॅब्जबर्ग राजघराण्याच्या विजयाची ती खूण आहे अशी लोकांची समजूत होती. वस्तुतः तो स्तंभ तीस वर्षांच्या युद्धाच्या अखेरीस स्वीडिश सैन्यापासून शहर वाचले याची कृतज्ञता म्हणून उभारला होता. पण जमाव इतिहास तपासून दोर ओढीत नाही. १६ नोव्हेंबर १९२० रोजी झेक राष्ट्रवाद्यांनी इस्टेट्स नाट्यगृहात घुसून ते जर्मन कंपनीकडून बळकाविले. राष्ट्राध्यक्ष टोमाश मासारिक हा या कृत्याने इतका व्यथित झाला की पुढे त्याने त्या नाट्यगृहात पाऊल टाकले नाही. मासारिकचा हा निषेध लोकांना फारसा रुचला नसला, तरी नव्या राज्याचे नैतिक उत्पन्न-खर्चाचे कोष्टक मांडताना तो विसरता येत नाही.

एवढे असूनही दोन महायुद्धांमधील वीस वर्षे हा प्रागच्या सांस्कृतिक जीवनातील सर्वांत समृद्ध काळ होय. दोन विद्यापीठांचे वैर भारताच्या दृष्टीने तर लाभदायकच ठरले. जर्मन विद्यापीठात भारतीय वाङ्मयाचा इतिहासकार मॉरिझ विंटरनित्स होता. महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघाली पाहिजे असा आग्रह धरणाऱ्या पहिल्या विद्वानांपैकी तो एक, आणि ते काम पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तडीस नेले. झेक विद्यापीठात बंगालीतून थेट अनुवाद करणारा विन्सेंट्स लेस्नी होता. रवींद्रनाथ ठाकूर १९२१ आणि १९२६ मध्ये प्रागला गेले, आणि हे दोघेही पंडित शांतिनिकेतनात अध्यापनासाठी येऊन गेले. संगीतकार यानाचेक याने ठाकुरांना ऐकले आणि १९२२ मध्ये त्यांच्या एका कवितेवर वृंदगान रचले. प्रागच्या देय्वित्से भागात आज ‘ठाकूर’ यांच्या नावाचा रस्ता आहे.

राष्ट्रीय नाट्यगृहात २५ जानेवारी १९२१ रोजी कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाचा प्रयोग झाला आणि ‘रोबो’ हा शब्द जगाच्या सर्व भाषांत गेला. तो शब्द कारेलला सुचविला त्याचा भाऊ योसेफ याने. नव्या जर्मन नाट्यगृहाचा संगीतप्रमुख आलेक्सांडर झेमलिन्स्की याने जून १९२४ मध्ये शोएनबेर्गची ‘एर्वार्टुंग’ ही एकपात्री संगीतिका प्रथमच रंगमंचावर आणली. व्होस्कोवेट्स आणि वेरिख या विनोदी जोडीचे ‘मुक्त नाट्यगृह’ हुकूमशहांची टिंगल करीत होते. १९३३ नंतर जर्मनीतून परागंदा झालेले लेखक प्रागला आश्रयास आले. टोमास मान यास १९३६ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने नागरिकत्व दिले. १९३८ च्या उन्हाळ्यात जवाहरलाल नेहरू प्रागमध्ये होते. सप्टेंबरअखेर म्यूनिक येथे ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हिटलरच्या मागण्या मान्य करून या राज्याचा सीमाप्रदेश त्याला देऊन टाकला. हे राज्य त्या बैठकीस बोलाविलेलेही नव्हते. ‘मुक्त नाट्यगृह’ बंद करण्यात आले. कारेल चापेक नाताळच्या दिवशी वारला. त्याचा भाऊ योसेफ पुढे बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत गेला आणि परत आला नाही.

१५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. २८ ऑक्टोबरच्या निदर्शनांत यान ओप्लेताल या वैद्यकीय विद्यार्थ्यास गोळी लागली आणि दोन आठवड्यांनी तो मरण पावला. त्याच्या अंत्ययात्रेनंतर १७ नोव्हेंबर रोजी नाझींनी विद्यार्थ्यांचे नऊ पुढारी गोळ्या घालून मारले, सुमारे बाराशे विद्यार्थी साक्सेनहाउझेनच्या छावणीत धाडले आणि सर्व झेक उच्च शिक्षणसंस्था बंद केल्या. मे १९४२ मध्ये राज्यपाल हायड्रिख याच्यावर हल्ला झाला. त्याच्या मृत्यूचा सूड म्हणून लिदित्से हे गाव नकाशावरून पुसण्यात आले. ज्यूंची पाठवणी तेरेझीनच्या किल्ल्यात आणि तेथून पूर्वेकडील मृत्युछावण्यांत झाली. जुन्या ज्यू मोहल्ल्यातील पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया व मोराव्हियातील सुमारे सत्त्याहत्तर हजार मृतांची नावे हाताने रंगविलेली आहेत. ती १९५० च्या दशकात लिहिली गेली. १९६८ मध्ये भिंतींत पाणी मुरत असल्यामुळे वास्तू बंद झाली. नावे ओलीने पुसट झाली आणि दुरुस्ती तर रेंगाळतच राहिली. १९९२ ते १९९६ या काळात ती सगळी पुन्हा एकदा, एकेक करून, लिहावी लागली.

मे १९४५ मध्ये प्राग मुक्त झाले आणि जर्मन भाषिकांच्या हकालपट्टीस आरंभ झाला. देशभरातून सुमारे तीस लाख जर्मनांना जावे लागले. त्यांत नाझींचे चाकर होते, तसे मुले आणि वृद्धही होते. प्रारंभीच्या महिन्यांत बेबंद हत्याही झाल्या. ऑक्टोबर १९४५ च्या हुकुमान्वये जर्मन विद्यापीठ बरखास्त झाले आणि तेही मागील तारखेपासून : झेक विद्यापीठे ज्या दिवशी बंद झाली त्या १७ नोव्हेंबर १९३९ पासून. यामागील भावना समजू शकते. पण त्या एका ओळीने शहरातील एक भाषा कायद्याच्या दृष्टीने सहा वर्षे आधीच संपली. नव्या जर्मन नाट्यगृहाचे नाव प्रथम ‘पाच मे नाट्यगृह’ आणि नंतर ‘स्मेताना नाट्यगृह’ झाले. दोन भाषांचे शहर आता एका भाषेचे झाले होते. आणि राजकारण करावयास जागा उरली नाही, तेव्हा झेकांना आपल्याच भाषेत, आपल्याच राज्यकर्त्यांविरुद्ध, पुन्हा नाट्यगृहाचाच आसरा घ्यावा लागला.

फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सत्ता हाती घेतली. त्यापुढील वर्षांचा वृत्तान्त बहुतांशी खटल्यांचा आहे. १९५० मध्ये लोकसभा-सदस्य राहिलेल्या मिलादा होराकोवा हिला फाशी झाली. १९५२ मध्ये पक्षाचाच माजी सरचिटणीस स्लान्स्की आणि इतर दहा जण फासावर गेले. चौदा आरोपींपैकी अकरा ज्यू कुळातील होते, आणि आरोपपत्रात त्याचा उल्लेख मुद्दाम होता. १ मे १९५५ रोजी नदीकाठच्या लेत्ना टेकडीवर स्टालिनच्या प्रचंड ग्रॅनाइट शिल्पाचे अनावरण झाले. स्टालिनच्या मागे कामगार, शेतकरी, सैनिक अशी माणसे रांगेने उभी होती; प्रागकर त्याला ‘मांसाच्या दुकानापुढची रांग’ म्हणत. शिल्पकार श्वेट्स याने अनावरणापूर्वीच आत्महत्या केली होती. नोव्हेंबर १९६२ मध्ये, मॉस्कोत वारा फिरल्यावर, ते शिल्प सुरुंग लावून उडविण्यात आले. साडेसात वर्षांचे आयुष्य लाभलेले ते ग्रॅनाइट.

१९५८ नंतर लहान लहान नाट्यगृहे निघाली. त्यांपैकी ‘ना झाब्राद्ली’ या नाट्यगृहात व्हात्स्लाव हावेल नावाचा तरुण प्रथम रंगमंच-कामगार म्हणून लागला. श्रीमंत घराण्यात जन्मल्यामुळे त्याला मनाजोग्या विद्यापीठीय शिक्षणाची दारे बंद होती. डिसेंबर १९६३ मध्ये त्याचे ‘उद्यान-मेजवानी’ हे नाटक तेथे झाले. त्याचा नायक सरकारी भाषेचे ठराविक साचे शिकत शिकत वर चढतो आणि शेवटी त्याचे आईबापही त्याला ओळखत नाहीत. त्याच वर्षी लिब्लित्से येथे काफ्कावर परिषद भरली आणि जर्मन भाषेत लिहिणारा हा लेखक आपल्याच देशात पुन्हा वाचला जाऊ लागला. १९६८ च्या जानेवारीत दुब्चेक पक्षप्रमुख झाला, जूनमध्ये वृत्तनियंत्रण रद्द झाले. २० ऑगस्टच्या रात्री वॉर्सा कराराच्या फौजा शिरल्या.

त्या आठवड्यात प्रागकरांनी एक गोष्ट केली जी अन्यत्र कोणाला सुचली नसती : त्यांनी रात्रीतून रस्त्यांच्या पाट्या उतरविल्या. परक्या सैनिकांना हवा तो पत्ता सापडू नये हा उद्देश. ज्या पाट्यांवरून आजोबा-पणजोबांनी पिढ्यानपिढ्या भांडण केले, त्या नातवांनी आपण होऊन पुसल्या. पुढील जानेवारीत यान पालाख या विद्यार्थ्याने व्हात्स्लाव चौकाच्या वरच्या टोकाला, राष्ट्रीय संग्रहालयाजवळ, स्वतःला जाळून घेतले. विद्यार्थ्यांनी तत्त्वज्ञान विद्याशाखेपुढील चौकावर त्याचे नाव लिहिले. ‘लाल सेनेच्या सैनिकांचा चौक’ हे अधिकृत नाव मात्र डिसेंबर १९८९ पर्यंत टिकले. त्याची कबर लोकांची जमण्याची जागा झाली म्हणून १९७३ मध्ये ती तेथून हलविण्यात आली. अस्थी १९९० मध्ये परत आल्या.

हुसाकच्या राजवटीत लेखक बॉयलरखान्यात आणि खिडक्या पुसण्याच्या कामावर गेले. हस्तलिखिते टंकलेखन यंत्रावर कार्बनप्रती काढून हातोहात फिरत. बंदी आलेली नटी व्लास्ता क्रामोस्तोवा हिने आपल्या घराच्या दिवाणखान्यातच नाटके केली. जानेवारी १९७७ मध्ये ‘सनद ७७’ या निवेदनाद्वारे काही नागरिकांनी सरकारला त्याने स्वतःच मान्य केलेल्या मानवी हक्कांची आठवण करून दिली. त्यांचा एक प्रवक्ता, तत्त्ववेत्ता यान पातोच्का, पोलिसांच्या प्रदीर्घ चौकशीनंतर मार्चमध्ये वारला. सरकारचे उत्तर २८ जानेवारी १९७७ रोजी आले, आणि ते आले राष्ट्रीय नाट्यगृहातून. देशातील नामांकित नट, गायक आणि संगीतकार यांना तेथे बोलावून सनदेचा निषेध करणारे निवेदन वाचण्यात आले आणि त्यांच्या सह्या घेण्यात आल्या. दूरचित्रवाणीवर ते सर्वांनी पाहिले. सही करणाऱ्या कित्येकांनी मूळ सनद वाचलेली नव्हती. ती वाचणे हाच गुन्हा होता. वर कमानीवर ते दोन सोनेरी शब्द होतेच. नटांना दोष देणे सोपे आहे. सही न करणाऱ्याचे काम जात होते आणि कधी कधी मुलांच्या शिक्षणाचीही वाट बंद होत होती.

या प्रसंगाची परतफेड बारा वर्षांनी झाली. १७ नोव्हेंबर १९८९ रोजी ओप्लेतालच्या स्मरणार्थ निघालेली विद्यार्थ्यांची मिरवणूक शहराकडे वळली आणि राष्ट्रीय नाट्यगृहाकडे जाणाऱ्या त्याच जुन्या रस्त्यावर पोलिसांनी तिला कोंडून झोडपले. दुसऱ्या दिवशी नटांनी संप पुकारला. संप म्हणजे नाट्यगृहे बंद नव्हेत : ती रोज संध्याकाळी उघडत, प्रेक्षक येत, आणि नाटकाऐवजी रंगमंचावरून विद्यार्थ्यांचे निवेदन वाचले जाई व चर्चा होई. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी अद्याप सरकारच्या हाती असताना बातमी पसरविण्याचे हेच साधन होते. नट मंडळी गावोगावी आणि कारखान्यांतही गेली. १९ तारखेस ‘नागरी मंच’ स्थापन झाला तो एका नाट्यगृहात, आणि त्याची कचेरी थाटली गेली ती ‘लातेर्ना मागिका’ या दुसऱ्या नाट्यगृहाच्या तळघरात. पत्रकार परिषदा चालू नाटकाच्या नेपथ्यातच होत. २४ तारखेस पक्षाच्या नेतृत्वाने राजीनामे दिले आणि २९ डिसेंबर रोजी पूर्वीचा रंगमंच-कामगार राष्ट्राध्यक्ष होऊन टेकडीवरील राजवाड्यात गेला.

पुढे पाट्या बदलण्याची लाट पुन्हा एकदा आली. भुयारी रेल्वेच्या लेनिन, गॉटवाल्ड, मॉस्को या स्थानकांना १९९० मध्ये नवी नावे मिळाली. १ जानेवारी १९९३ रोजी स्लोव्हाकिया वेगळा झाला. त्याच्या आदल्या वर्षी जुन्या शहराचा जागतिक वारशात समावेश झाला होता, आणि त्यानंतर पर्यटकांच्या गर्दीने मध्यवस्तीतून खुद्द प्रागकरांनाच हळूहळू बाहेर सारले. २०२० साली मेरीमातेच्या स्तंभाची प्रतिकृती पुन्हा चौकात उभी राहिली. त्याच वर्षी सोव्हिएत मार्शल कोनेव्ह याचा पुतळा हलविण्यात आला आणि रशियाच्या वकिलातीसमोरील चौकाला मॉस्कोत मारल्या गेलेल्या बोरिस नेम्त्सोव्ह याचे नाव देण्यात आले. या तिन्ही निर्णयांवर कडाक्याचे वाद झाले.

नव्या जर्मन नाट्यगृहाचे आजचे नाव ‘राज्य संगीतिकागृह’ असे आहे. दीर्घ डागडुजीनंतर ते ५ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे १८८८ मधील उद्घाटनाच्या तारखेलाच, पुन्हा उघडण्यात आले. त्यानंतर जर्मन सरकारच्या साहाय्याने तेथे नाझींनी बंदी घातलेल्या संगीतकारांच्या रचना सादर करण्याचा उपक्रम काही वर्षे चालला. त्यांत झेमलिन्स्की होता, त्याच्या हाताखाली काम केलेला व्हिक्टर उलमान होता आणि तेरेझीनच्या छावणीतील मुलांनी ज्याची ‘ब्रुंदिबार’ ही संगीतिका गायिली तो प्रागचा हान्स क्रासा होता. उलमान आणि क्रासा यांना ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑश्विट्झला नेण्यात आले. दोघेही तेथेच मारले गेले.